अमेरिकेतला इतिहासफलक वाचताना आधी शेवटची ओळ पाहा

अमेरिकेत गाडीने फिरताना रस्त्याकडेला इतिहासाचे फलक सतत दिसतात. पेनसिल्व्हेनियात निळ्यावर पिवळी अक्षरं, टेक्सासात तर असे हजारो. थांबलात तर आधी तळाची ओळ वाचा. फलक कोणी आणि कधी लावला, हे बहुधा तिथेच असतं. व्हर्जिनियात १९२७ पासून महामार्गांवर फलक लागत आले. त्या काळच्या मजकुरात मूळ रहिवासी किंवा गुलामगिरी यांविषयी काय लिहिलंय (आणि काय गाळलंय) ते साल कळल्यावर वेगळंच दिसतं.

‘इथून अर्धा मैल पूर्वेला’ असं लिहिलेलं असेल, तर मूळ जागा तिकडे आहे. फलक फक्त गाडी थांबवता येईल अशा ठिकाणी लावलेला असतो. शेतातून चालत सुटू नका, ते खासगी असू शकतं. घरांचंही तसंच. १९६६च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘नॅशनल रजिस्टर’मध्ये (ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत) नाव आहे म्हणजे वास्तू पाहायला खुली आहे, असं नव्हे. कित्येक घरांत लोक राहतात. उलट, नोंद असूनही पाटी नसलेल्या इमारती पुष्कळ. कारण ही पाटी सरकार देत नाही, मालकाने हौसेने स्वखर्चाने लावायची.