सोलापुरात ॲमेझॉनचं कासव पाळायचंय? आधी पाण्याचा हिशोब करा

पिवळ्या ठिपक्यांच्या ॲमेझॉन नदीकासवाचं पिल्लू तळहातावर मावतं, म्हणून पोरं हट्ट धरतात. पण मादी वाढून दीड फुटापर्यंत जाते आणि ही कासवं कित्येक दशकं जगतात. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे मी तर पाण्याची सोय पाहूनच होकार किंवा नकार देईन.

आधी कागदपत्रं. सायटिस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार; ही जात त्याच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यामुळे अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर तिथूनच माघारी फिरा. ओढ्यातलं देशी कासव उचलून आणणं तर सरळ गुन्हाच.

मग टाकी. पिल्लाला चार फुटी काचेची टाकी पुरते, मोठ्या मादीला हौदच बांधा. ८ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट खोल हौदात सुमारे १,८०० लिटर पाणी मावतं. दमदार फिल्टर लावला तरी आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे ४५० लिटर. नळ येईल त्या दिवशी ड्रम भरून ठेवा आणि हौदात ओतण्याआधी पाण्यात क्लोरिन घालवणारं औषध टाका. बोअरचं जड पाणी चालतं, फक्त हीटरवर क्षार साचतात. काढलेलं घाण पाणी कढीपत्त्याला घाला, झाड कसं फोफावतं बघा!

पाणी २६ ते २९ अंश ठेवा. थंडीत हीटर लागतो, पण एप्रिल-मेमध्ये खरी परीक्षा. गच्चीवरचा हौद दुपारी तापतो, म्हणून तो खालच्या मजल्यावर, हिरव्या जाळीखाली हवा. अंग शेकायला पाण्याबाहेर कोरडा कट्टा द्या. टाकी घरात असेल तर कट्ट्यावर यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) लावा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याची जागा घेत नाही.

खाणं स्वस्तातलं. रानात हे कासव बहुतेक झाडपाला आणि पाण्यात पडलेली फळंच खातं. शेवग्याचा, मुळ्याचा पाला आणि राजगिऱ्याची पानं पाण्यात टाका, सोबत थोडे पेलेट, म्हणजे कासवांच्या खाद्याच्या तयार गोळ्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) तरंगत ठेवा. घाबरलं की हे मान आत ओढत नाही, कवचाच्या कडेखाली आडवी दुमडतं. ते दुखणं नव्हे. नाकातून बुडबुडे आले किंवा एका अंगावर कलून पोहू लागलं, तर मात्र डॉक्टर गाठा.

कासवाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा, साल्मोनेला या जंतूचा धोका असतो. सांभाळणं जमेना झालं तर सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडू नका, वन विभागाला विचारा.

चार दिवस गावी जायचं असेल तर मोठ्या कासवाला उपास चालतो, फिल्टर बंद पडलेला चालत नाही. शेजारच्या काकूंना खाणं टाकायला सांगू नका; लाइट गेली-आली की फिल्टर सुरू झाला का, तेवढंच बघायला सांगा.