गुडघ्याचं ऑपरेशन कधी करायचं आणि कुठलं

आईचा गुडघा चार वर्षं दुखत होता, पण मी खरं मनावर घेतलं ते तिला जिना उतरताना बघून. दोन्ही हातांनी कठडा धरून, एका बाजूला वळून उतरायची, दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची पायरी.

म्हणून सांगते, नुसत्या एक्सरेवर ठरवू नका. गुडघ्यातली हाडांवरची गादी पार झिजलेली असूनही काहीजण आरामात फिरतात, त्यांना घाई नाही. पण दुखण्याने रात्री जाग येतेय, भाजी आणायला जाणंही बंद झालंय, आणि वजन, मांडीचे व्यायाम, गोळ्या हे सगळं काही महिने मनापासून करूनही फरक नाही, तर अंगावर काढू नका. एक्सरे मात्र उभं राहूनच काढायला सांगा. झोपून काढला की हाडांमधली फट आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आमचा पहिला तसाच काढला होता आणि त्यात सहा महिने गेले.

आता ऑपरेशन कुठलं. नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीने साफ करून फारसा फायदा होत नाही. वय कमी आहे, फक्त आतली बाजू झिजलीय आणि पाय धनुष्यासारखा वाकलाय, तर नडगीचं हाड कापून सरळ करून प्लेट लावतात, स्वतःचा सांधा राहतो. एकच बाजू गेलीय आणि लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे) चांगले आहेत तर अर्धा गुडघा बदलता येतो, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो, पण पुढे पूर्ण बदलायची वेळ येऊ शकते. सगळीकडे झिजलंय तर पूर्ण. आपण 'वाटी बदलली' म्हणतो खरं, पण वाटी बऱ्याचदा स्वतःचीच ठेवतात, हाडांच्या टोकांवर धातू बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची गादी. हा गुडघा बहुतेकांना १५-२० वर्षं सहज जातो.

रोबोटिकमध्येही ऑपरेशन सर्जनच करतो, मशीन मापं अचूक घ्यायला मदत करतं. त्याने गुडघा जास्त वर्षं टिकतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे माझ्या मते त्यासाठी कर्ज काढू नका, अनुभवी सर्जन शोधा. आणि इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम गुडघ्याच्या, किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातलीय, बिलात ती किंमत वेगळी लिहून मागा.

आधी शुगर आटोक्यात आणा, किडलेला दात किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते बरं करा, आणि गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवू नका, बरं वाटतं पण पाय वाकलेलाच राहतो, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा.