टेस्टोस्टेरॉन जेल लावावं की नाही? पाळी जाण्याच्या काळात हे कसं ठरवावं

टेस्टोस्टेरॉन म्हटलं की डोळ्यांपुढे दाढी-मिशा येतात. खरं तर बाईच्या शरीरातही ते जन्मभर असतं. बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी ते बनवतात. त्यामुळे ‘पुरुषांचं हार्मोन बाईला कशाला?’ हा प्रश्न चुकीचा. पण ‘पाळी गेली म्हणजे टेस्टोस्टेरॉनही गेलं, आता भरून काढू’ हे गणितही तितकंच चुकीचं. पाळी जाताना इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, कड्यावरून कोसळतं, तर टेस्टोस्टेरॉन घाटासारखं उतरतं. विशीनंतर ते हळूहळू कमी होत चाळिशीपर्यंत साधारण निम्म्यावर येतं, आणि पाळी थांबते त्या वर्षी त्याला वेगळा धक्का बसत नाही.

याला अपवाद आहे तो शस्त्रक्रियेचा. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ एवढंच सांगतात. सोबत बीजांडकोशही काढले का, हे कित्येकींना ठाऊक नसतं. दोन्ही काढले असतील तर टेस्टोस्टेरॉन अचानक निम्म्याच्या आसपास घसरतं. तुमचं असं ऑपरेशन झालं असेल तर आधी कपाटातून तो जुना डिस्चार्जचा कागद शोधून काढा.

आधी वही

जेलचा विचार करण्याआधी एक वही घ्या, तारीख टाका आणि काय होतंय ते स्वतःच्या शब्दांत लिहा: गरम वाफा, रात्रीचा घाम, झोप, सांधे, विसरभोळेपणा, चिडचिड, योनीमार्गाचा कोरडेपणा, कामेच्छा. त्यातलं सगळ्यात जास्त काय सलतंय, त्याखाली रेघ मारा.

ही रेघ महत्त्वाची आहे. २०१९ साली जगभरातल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी उपलब्ध पुरावा तपासून एकत्रित मत दिलं. पाळी कायमची थांबलेल्या बाईला टेस्टोस्टेरॉन देण्याचं पुराव्यानं सिद्ध झालेलं कारण एकच, ते म्हणजे कामेच्छा कमी होणं आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होणं. थकवा, स्मरणशक्ती, मूड, हाडं, स्नायू यांपैकी कशासाठीही ते द्यावं इतका पुरावा नाही. मोबाईलवरच्या रीलमधली बाई ‘जेल लावलं आणि डोक्यातलं धुकं गेलं’ म्हणत असेल, तर तिला खरंच बरं वाटलं असेलही. पण तेवढ्यावरून तुमचं औषध ठरत नाही.

तुमची रेघ वाफा आणि झोपेखाली असेल, तर डॉक्टरांशी आधी इस्ट्रोजेनबद्दल बोला. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेचा सल्लाही याच क्रमाचा आहे: आधी नेहमीची हार्मोन थेरपी, आणि तेवढ्यानं इच्छा परतली नाही तर टेस्टोस्टेरॉनचा विचार.

खंत कुणाची?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तपासणीच्या खोलीत नवरा शेजारी बसलेला असताना तर हमखास बुजवला जाणारा. इच्छा कमी होणं हा एकट्यानं आजार ठरत नाही. कित्येक बायका पन्नाशीत मनातल्या मनात ‘सुटले एकदाची’ म्हणतात आणि खुशीत असतात. त्यांना जेलची गरज नाही, नवऱ्याची कितीही तक्रार असली तरी. याउलट एखादीला हरवल्यासारखं वाटतं: जवळीक हवीशी वाटायची ती वाटेनाशी झाली, आणि ते तिलाच खुपतं. हे जेल तिच्यासाठी आहे. म्हणून डॉक्टरांकडे निदान एकदा एकट्यानं जा.

वहीत हेही लिहा की इच्छा कधीपासून गेली आणि तेव्हा घरात काय चाललं होतं. दोन खोल्यांचं घर, पलीकडे अभ्यास करणारा मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, वर्षभर धरलेला अबोला. जेलनं ना भिंत उभी राहते, ना अबोला सुटतो.

फायदा किती, तेही आधी माहीत असू द्या. ३६ चाचण्यांमधल्या आठ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा नकली औषधाच्या तुलनेत महिन्याला सरासरी एखादाच समाधान देणारा संबंध जास्त दिसला. शिवाय इच्छा वाढली आणि खंत कमी झाली. ‘एखादाच’ ऐकून हसू येईल, पण जिच्या महिन्यात एकही नव्हता तिला विचारा.

दुसरी कारणं आधी निपटा

दुखत असेल तर इच्छा होणारच नाही. योनीमार्गाच्या कोरडेपणावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम आणि वंगण हा साधा, स्वस्त उपाय आहे. माझ्या मते पुष्कळ जणींचा प्रश्न इथेच सुटेल. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी इच्छा मावळते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना बदल सुचवायला सांगा. इस्ट्रोजेनची तोंडावाटे गोळी चालू असेल तर तिच्यामुळे रक्तातलं मोकळं, म्हणजे शरीराला वापरता येणारं टेस्टोस्टेरॉन घटतं. अशा वेळी त्वचेवरच्या इस्ट्रोजेनकडे वळता येईल का, हे विचारा.

कुणी लांब राहावं

पाळी अजून अधूनमधून येत असेल तर दिवस राहू शकतात, आणि टेस्टोस्टेरॉनमुळे पोटातल्या मुलीच्या गर्भाला इजा होऊ शकते. शिवाय चांगला पुरावा मुख्यतः पाळी पूर्ण थांबलेल्यांचा आहे. स्तनाचा किंवा हार्मोनवर वाढणारा दुसरा कॅन्सर, यकृताचा चालू आजार, आधीच चेहऱ्यावर फार केस किंवा टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असेल, तरीही नको. स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित आहे.

रक्ततपासणी आणि मात्रा

रक्तातला आकडा कमी आला म्हणून जेल सुरू करायचं नसतं. इच्छा आणि आकडा यांचा असा सरळ मेळ बसत नाही. तपासणी होते ती पातळी आधीच जास्त नाही ना, हे पाहायला.

ऑस्ट्रेलियात २०२० साली खास स्त्रियांसाठीच्या टेस्टोस्टेरॉन क्रीमला मंजुरी मिळाली. आपल्याकडे मिळतं ते पुरुषांच्या मापानं भरलेलं जेल. ५ ग्रॅमच्या १ टक्का पाकिटात ५० मिलिग्रॅम औषध असतं, ते पुरुषाचं एका दिवसाचं. बाईची मात्रा त्याच्या साधारण दहावा भाग, म्हणजे एक पाकीट जवळपास दहा दिवस. बोटानं अंदाजे घेऊ नका. बिनसुईच्या सिरिंजनं मोजायचं की कसं, ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष बघून या. केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत असेल तरी घेऊ नका, कारण हा दहावा भाग पाकिटावर छापलेला नसतो. कातडीखाली बसवायच्या गोळ्या आणि इंजेक्शनं कुणी सुचवली तर नाही म्हणा. पातळी फार चढते आणि चढलेली लगेच उतरवता येत नाही.

लावायचं मांडीवर किंवा ओटीपोटावर, कोरड्या त्वचेवर. सुकू द्या, कपड्यानं झाका, हात साबणानं धुवा. जेलमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा सुकेपर्यंत गॅस आणि निरांजनापासून लांब. सगळ्यात मोठी काळजी नातवंडांची: लावलेल्या जागेचा स्पर्श झाल्यानं लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणं दिसली आहेत.

सहा महिन्यांची मुदत

तीन ते सहा आठवड्यांनी रक्त तपासा. पातळी तरुण स्त्रीच्या मर्यादेतच राहायला हवी. फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात. पुटकुळ्या आणि लावलेल्या जागी लव दिसू शकते. डोक्यावरचे केस विरळ होणं किंवा आवाज घोगरा होणं हे मात्रा जास्त झाल्याचं लक्षण. घोगरा झालेला आवाज पूर्ववत होईलच असं नाही, म्हणून गाताना वरचा सूर लागेनासा झाला तर त्याच दिवशी जेल थांबवून डॉक्टरांना फोन करा. दोन वर्षांपलीकडच्या सुरक्षिततेची भक्कम माहिती नाही, त्यामुळे चालू ठेवलं तरी दर सहा महिन्यांनी तपासणी हवी.

सहाव्या महिन्यात वही काढा आणि रेघ मारलेलं पान वाचा. नकली औषधानंही अनेकींना पहिले काही आठवडे बरं वाटतं, म्हणून आठवणीवर विसंबू नका. त्या पानावरची खंत जशीच्या तशी असेल, तर जेल बंद करा.