सहा ते पंधरा हजारांतले एएनसी हेडफोन: परतीच्या मुदतीत काय तपासायचं

एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय. अशा हेडफोनच्या खोक्यावर '४५ डेसिबलपर्यंत आवाज कमी' असं छापलेलं असतं. त्यातल्या 'पर्यंत'वर बोट ठेवा. हा आकडा बहुतेक वेळा एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर मिळालेला सर्वांत चांगला आकडा असतो. तुमच्या डोक्यावर, चष्म्यासकट, लोकलच्या डब्यात काय होईल ते त्यावरून कळत नाही. ते वापरूनच कळतं, आणि त्यासाठी हातात थोडेच दिवस असतात. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते आणि बऱ्याचदा बिघाड असेल तरच बदली मिळते, पैसे परत नाहीत. ऑर्डर करण्याआधी ही अट वाचा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि आतली प्लॅस्टिकची वेष्टनंही फेकू नका.

सगळ्यात आधी गादी कानाभोवती नीट बसते का ते बघा. या किमतीत बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथंच असतं. चांगल्या मॉडेलांत बाहेरचा गोंगाट टिपणारे मायक्रोफोन कपाच्या बाहेर असतात, आणि आत कानापाशी आणखी एक असतो. दोन्हींच्या आधारे आतली चिप उलटी ध्वनिलहर तयार करते. ही युक्ती पंखा, एसी, बसचं इंजिन, विमानाची घरघर अशा सलग आणि खालच्या पट्टीतल्या आवाजांवर चालते. साधारण १००० हर्ट्‌झच्या वर तिचा जोर ओसरतो, तिथून पुढचं काम गादीचं. म्हणून एएनसी चालू असतानाही शेजारच्या टेबलावरच्या गप्पा, हॉर्न, कुकरची शिट्टी ऐकू येते. तो पीस खराब नसतो. गादीला फट राहिली तर मात्र दोन्ही बाजूंनी नुकसान: वरच्या पट्टीतले आवाज आत येतात आणि खालच्या पट्टीतला बास बाहेर निसटतो.

तपासणी अशी. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा, एएनसी चालू, गाणं बंद. दोन्ही कप तळव्यांनी हलके आत दाबा. दाबल्यावर घरघर एकदम कमी झाली तर फट आहे. आता चष्मा काढून पुन्हा करा. जाड प्लॅस्टिकच्या काड्यांमुळे फार फरक पडतो, पातळ धातूच्या काड्यांमुळे कमी. केस, ओढणी, टोपी यांचंही तसंच. चष्मा रोजचा असेल आणि फरक ठळक असेल, तर तो हेडफोन तुमच्यासाठी नाही, समीक्षेत कितीही तारे मिळालेले असोत. मोजपट्टी घेऊन गादीच्या आतलं भोकही मोजा. मोठ्या माणसाचा कान साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर उंच असतो. भोक त्याहून लहान असेल किंवा खोली २ सेंटिमीटरपेक्षा बरीच कमी असेल, तर कानाची पाळी दबते किंवा आतल्या जाळीला टेकते. अर्ध्या तासात दुखायला लागतं.

एएनसीचा अंदाज फोनच्या स्पीकरवर 'विमानाचा आवाज' लावून घेऊ नका. त्या इवल्या स्पीकरमधून खालची पट्टी येतच नाही. खरे आवाज वापरा: एसीचं बाहेरचं युनिट, बसची मागची सीट, मिक्सर. प्रत्येक ठिकाणी आधी एएनसी बंद, मग चालू, आणि दोन्ही वेळा संगीताशिवाय. मग एखादं व्याख्यान लावा आणि शब्द स्पष्ट कळायला आवाज किती पायऱ्या चढवावा लागतो ते मोजा. एएनसी चालू केल्यावर तीन-चार पायऱ्या कमी पुरल्या तर तो कामाचा फरक. कानांच्या दृष्टीनेही हेच माप महत्त्वाचं: जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा सल्ला आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबलच्या आत, असा आहे.

रात्री सगळं निजल्यावर शांत खोलीत एएनसी चालू करा. बारीक 'स्सऽऽ' अशी खरखर ऐकू येईल. थोडी असतेच, पण हळू आवाजातल्या आलापीत ती जाणवत असेल तर परत करायला ते पुरेसं कारण आहे. मग टेबल फॅनसमोर उभे राहा आणि डोकं वळवत राहा. बाहेरच्या मायक्रोफोनवर वारा आपटला की फडफड होते. लोकलच्या दाराशी उभं राहणाऱ्यांनी ही पायरी अजिबात गाळू नये. जिन्यावरून भरभर उतरूनही बघा. काही मॉडेलांत प्रत्येक पावलाला कानात धप्प होतं. एएनसी लावल्यावर काहींना कान दडपल्यासारखे वाटतात. दोन दिवसांत सवय झाली नाही तर पुढे होईलच असं नाही.

आवाजाच्या दर्जासाठी ओळखीचं रेकॉर्डिंग घ्या, डेमोचं नको. डग्ग्याची मींड ऐका: सूर सरकताना कळतो की नुसता 'घुम्म' होतो? या किमतीत बास मुद्दाम फुगवलेला असतो, त्यामुळे पुरुष गायकाचा आवाज नाकात बोलल्यासारखा जाड होतो. ॲपच्या इक्वलायझरमध्ये १०० ते २५० हर्ट्‌झचा भाग २-३ डेसिबल खाली घेऊन बघा. बऱ्याचदा तेवढ्याने सुधारतं. टाळांच्या गजरात 'च्स्स' टोचत असेल तर ६ ते ८ हजार हर्ट्‌झच्या आसपास थोडं कमी करा. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. एएनसी चालू-बंद केल्यावर गाण्याचा पोत फारच बदलत असेल तर चिपचं काम कच्चं आहे.

कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायची पद्धत. त्यांच्या नावांवर जास्त पैसे घालवू नका. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढंच वापरतो, त्यामुळे आयफोनवाल्याला एलडॅकचा काही उपयोग नाही. अँड्रॉइडवर एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण गर्दीत तुटतो, आणि काही मॉडेलांत तो लावला की एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय बंद पडते.

कंपन्यांनी पैसे खरे वाचवलेले दिसतात ते मायक्रोफोनमध्ये. झूमची टेस्ट मीटिंग उघडा. तिथं तुमचा आवाज रेकॉर्ड होऊन परत ऐकवला जातो. एकदा शांत खोलीत बोला, एकदा चालू पंख्याखाली. दुसऱ्या वेळी शब्दांची टोकं कापली गेली, तर समोरच्याला रोज तेच ऐकावं लागणार. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच सगळं जुन्या टेलिफोनसारखं चपटं ऐकू येऊ लागलं, तर घाबरू नका. नेहमीच्या ब्लूटूथवर मायक्रोफोन चालू झाला की जोडणी कमी दर्जाच्या, मोनो आवाजावर जाते. मीटिंगच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर हेडफोनचा ठेवा. आवाज लगेच मोकळा होतो.

लॅपटॉप आणि फोन एकदम जोडून, लॅपटॉपवर व्हिडिओ चालू असताना फोनवर कॉल घ्या. कॉल संपल्यावर आवाज आपोआप लॅपटॉपकडे परतला पाहिजे. आवाज किती मागे पडतो ते यूट्यूबवर कळणार नाही, व्हिडिओ ॲप तो उशीर सांभाळून घेतात. फोनवरच्या पियानो ॲपची पट्टी दाबा आणि सूर किती उशिरा येतो ते ऐका.

बॅटरीच्या तासांत कुठला आकडा वाचताय ते पाहा. जेबीएल ट्यून ७७० एनसीचे ७० तास एएनसी बंद असतानाचे, चालू ठेवल्यावर ४४. सोनी डब्ल्यूएच-सीएच७२० एन एएनसीसह ३५ तासांचा आहे, पण वजन फक्त १९२ ग्रॅम, आणि दिवसभर डोक्यावर ठेवणाऱ्याला तेच जास्त मोलाचं. पूर्ण चार्ज करून, एएनसी लावून, निम्म्या आवाजावर किमान १० तास वाजवा आणि किती टक्के उतरले ते बघा. दोन-तीन तासांवरून हिशेब करू नका, कारण बरेच फोन हेडफोनची बॅटरी दहा-दहा टक्क्यांच्या उड्यांत दाखवतात.

गादीवरचं रेक्झिन कोकणच्या दमट हवेत आणि घामाने सोलवटतं. त्यावर कापडी कव्हर चढवलं तर फट पडते आणि एएनसी जातं. म्हणून गादी फिरवून निघते की चिकटवलेली आहे, आणि मूळ गादी सुटी मिळते का, हे आधी विचारा. भलतीच गादी बसवली तर बास बदलतो, कारण आतला मायक्रोफोन मूळ गादीच्या हिशेबाने जुळवलेला असतो. घडी घालायची बिजागरी पंचवीस-तीस वेळा उघडमीट करा. करकर किंवा ढिलेपणा आला तर परत. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. जुळलं नाही तर नक्कल असण्याची शंका घ्या.

परत पाठवायचं ठरलं तर आधी फॅक्टरी रिसेट करा, ॲपमधल्या खात्यातून हेडफोन काढून टाका, आणि सिरियल नंबरचा फोटो घेऊनच खोकं बंद करा.