तरुण बालरोगतज्ज्ञाला संशोधनात आणताय? आधी ड्यूटीचं पत्र

ही यादी विभागप्रमुखांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी आहे. एमडी करून दोन-तीन वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या एखाद्या मुलीला तुम्ही म्हणालात, ‘तू संशोधनात ये, मी आहे’, तर लगेच विषय शोधायला बसू नका. तिच्या ड्यूटीकडे बघा. आठवड्यातले कोणते दिवस ती वॉर्डात नसेल आणि त्या दिवशी तिच्या जागी कोण उभं राहील, हे अधिष्ठात्यांच्या सहीनं कागदावर आणा. जावक क्रमांकासह. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. तोंडी होकारावर आम्ही कामाला लागलो. जुलैत डेंगी आणि गॅस्ट्रोची मुलं वाढली, तिच्या दोन दिवसांचा एक झाला, मग तोही गेला, आणि दिवाळीनंतर तिनं प्रकल्प सोडला. तिच्यात काहीच कमी नव्हतं.

‘संशोधनासाठी पुरेसा वेळ देण्यात येईल’ असलं मोघम वाक्य पत्रात घालू नका. त्याचा उपयोग शून्य. वार लिहा. बदली डॉक्टरचं नाव लिहा, आणि ते रजेवर असतील तेव्हाचं दुसरं नाव. नाइटनंतरचा दिवस संशोधनाचा म्हणून खपवू नका. रात्रभर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जागलेलं माणूस सकाळी डेटा तपासू शकत नाही. परीक्षेचं पर्यवेक्षण आणि इन्स्पेक्शनची धावपळ या दिवसांवर येणार नाही, हेही लिहा, कारण ‘आज मोकळी आहेस ना?’ म्हणत तिलाच बोलावतात. ती दुसऱ्या संस्थेच्या लॅबमध्ये जाणार असेल तर ते दिवस कर्तव्यावर धरले जातील, हे स्पष्ट हवं. आधार-बायोमेट्रिक हजेरीत ते गैरहजेरी म्हणून गेले तर पुढचं निस्तरणं तिच्याच डोक्यावर येतं.

आणि पावसाळा. त्याची ओळ स्वतंत्रच हवी. एका खाटेवर दोन मुलं असताना कुणी लॅबमध्ये जात नाही, जाऊही नये. म्हणूनच जुलै ते ऑक्टोबर कापले गेलेले दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीत परत मिळतील, असं आधीच लिहून घ्या. ही ओळ मागताना संकोच वाटतो, समोरचा म्हणतो, ‘एवढं काय, आपण सगळे घरचेच.’ तरी मागा. विभागप्रमुख बदलतात, अधिष्ठाते बदलतात, सरकारी महाविद्यालयात तर बदलीचा आदेश कधीही येतो. नव्या माणसाला जुन्यानं दिलेला शब्द माहीत नसतो. त्याच्यापुढे ठेवायला पत्र लागतं.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची के-०८ आणि के-२३ ही अनुदानं याच टप्प्यावरच्या डॉक्टरांसाठी आहेत. त्यात सर्वसाधारणपणे पूर्ण वेळेच्या किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची हमी संस्थेला द्यावी लागते. आपल्याकडे ७५ टक्के कुणी देणार नाही. ४० मागा, ३० वर या, त्याखाली जाऊ नका. पण जे मिळेल ते लेखी.

वेळेचा एवढा आग्रह का, ते महालनबीसांकडे पाहून कळेल. दिलीप महालनबीस मुळात बालरोगतज्ज्ञ. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी तोंडावाटे पाजायला सुरुवात केली, आणि त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतला मृत्युदर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. छावणीतलं धैर्य सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची वर्षं कुणी सांगत नाही: १९६६ पासून ते कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात याच विषयावर काम करत होते. ओपीडी उरकून उरलेल्या तासाभरात ते झालेलं नाही.

आता बाकीचं. कुणाला निवडायचं? गुणवत्ता यादीतला क्रमांक बघू नका. राउंडमध्ये ‘हे असं का?’ विचारून दुसऱ्या दिवशी वाचून येणारी व्यक्ती निवडा. बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स एमडीच्या काळात झालेला असेलच. जीसीपीचं, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्या नियमांनुसार करण्याच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र घ्या.

प्रश्न तिचा हवा, तुमचा नव्हे. तुमच्या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाला माणूस हवं असेल तर तसं सरळ सांगा, त्याला प्रशिक्षण म्हणू नका. प्रश्न वॉर्डातून यावा. एम्सच्या बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान यांना १९८० च्या दशकाच्या मध्यात नवजात विभागातल्या बाळांच्या शौचात रोटाव्हायरस हा जुलाब करणारा विषाणू सापडत होता, पण जुलाब नव्हते. अनेक जण ती नोंद करून पुढे गेले असते. त्यातल्याच ११६ई या विषाणूपासून पुढे रोटाव्हॅक लस झाली. तिच्या मोठ्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचाही सहभाग होता, आणि २०१६ मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली. तीस वर्षं. तुमच्या उमेदवाराला तीन वर्षांत लस करायची नाही, पण तीन वर्षांत उत्तर देता येईल एवढा तुकडा कापून द्या.

मार्गदर्शक दोन हवेत. एक विभागातला, जो ड्यूटीसाठी भांडेल. दुसरा बाहेरचा, जो पद्धतीवरून तिच्याशी भांडेल. संख्याशास्त्रज्ञ पहिल्या महिन्यात गाठा. डेटा गोळा झाल्यावर एक्सेल फाइल घेऊन त्यांच्याकडे जाणं थांबवा. नमुना अपुरा आहे हे तेव्हा कळून काय करणार?

एथिक्स कमिटीचा अर्ज करताना मुलांचा भाग नीट वाचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि बारा ते अठरा वयाची लेखी संमती लागते, पालकांची सही आहेच त्याशिवाय. मराठी फॉर्म घरच्या बोलीत लिहा आणि वॉर्डातल्या एखाद्या आईला वाचून दाखवा. ती कुठे थांबते ते बघा, तिथेच वाक्य बदला. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. परदेशी भागीदार किंवा परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागेल. महिने धरा.

पाठपुराव्याचा अभ्यास असेल तर पत्ते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. केसपेपरवर माहेरचा पत्ता आणि मामाचा फोन असतो, तीन महिन्यांनी आई सासरी जाते आणि बाळ यादीतून नाहीसं होतं. दोन्ही घरांचे पत्ते, किमान तीन फोन, गावच्या आशाताईंचा नंबर. पुण्यात केईएमच्या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत केला, तो असल्या चिकाटीशिवाय झाला नसता. ही कामं करायला एक समाजसेवक किंवा संशोधन सहायक लागतो, त्याचा पगार अंदाजपत्रकात धरा. नाहीतर फोन लावायला तीच बसेल, आणि पत्र घेऊन मिळवलेले दिवस त्यातच जातील.

पैसे: अनुदानाचा पहिला हप्ता उशिरा येतो, तोपर्यंतची सोय महाविद्यालयाकडून मंजूर करून ठेवा. खरेदीची तीन कोटेशन आत्ताच मागवा. डीप फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे का, स्वतः जाऊन बघा.

दर तीन महिन्यांनी तिच्याबरोबर बसा आणि एकच हिशेब घ्या: पत्रात किती दिवस होते, मिळाले किती. फरक दिसला की त्याच आठवड्यात पत्राची प्रत जोडून टिप्पणी पाठवा. पावसाळा संपायची वाट बघू नका, मी बघितली होती. पत्राची मुदत एक वर्षाची असेल तर मार्चमध्येच नूतनीकरण करून घ्या, नवं रोस्टर लागायच्या आत.

लेखकांचा क्रम सुरुवातीलाच ठरवा, ईमेलवर. पहिलं नाव तिचं. पहिला पेपर ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ला गेला तरी उत्तम. अव्वाच्या सव्वा फी मागणाऱ्या अनोळखी नियतकालिकांच्या ईमेल सरळ काढून टाका. परिषदेत तिला बोलू द्या, तुम्ही खाली बसा. पुढच्या फेलोशिपचा अर्ज दुसऱ्या वर्षातच लिहायला घ्या, कारण छाननी आणि मुलाखतीत बराच काळ जातो. त्या अर्जालाही संस्थेचं हमीपत्र लागेल. त्यातही वार आणि बदली डॉक्टरचं नाव घाला.