गर्भनिरोधक वापरूनही दिवस कसे जातात? या चुका टाळा

"आम्ही तर काळजी घेत होतो, तरी दिवस गेले" असं झालं की पहिला राग गोळीवर नाहीतर कंडोमवर निघतो, मालच खराब असणार म्हणून. पण आकडे बघा ना. रोजची गोळी वर्षभर एकही न चुकवता घेतली तर 100 बायकांमध्ये एखादीलाही दिवस जाणं कठीण, आणि तीच गोळी आपण सगळे घेतो तशी म्हणजे विसरत, उशिरा, मधेच सोडून घेतली तर 100 मधल्या साधारण 7 जणींना जातात. कंडोमचंही तेच, दर वेळी नीट वापरला तर 2, आणि कधी आहे कधी नाही असा वापरला तर 13. औषध तेच, रबर तेच, फरक वापरात.

आधी गोळ्यांचा गोंधळ मिटवू, कारण निम्मी गडबड इथेच होते. रोजची गोळी, इमर्जन्सी गोळी आणि गर्भपाताची गोळी या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. रोजची गोळी बीज सुटूच देत नाही. इमर्जन्सीवाली (लिव्होनॉरजेस्ट्रेल, 1.5 मिलिग्रॅम), म्हणजे काळजी न घेता संबंध आल्यावर घ्यायची, फक्त बीज सुटायचं पुढे ढकलते, त्यामुळे बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही, आणि दिवस गेलेच असतील तर ती गर्भ पाडतही नाही. आणि गर्भपाताची गोळी हे गर्भनिरोधक नाहीच, ती डॉक्टरांशिवाय घ्यायच्या भानगडीत पडू नका.

इमर्जन्सी गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ तिसऱ्या दिवशी निवांत घेतली तरी चालेल असा काढतात. जितका उशीर तितका असर कमी, म्हणून सकाळपर्यंत पण थांबू नका. वजन जास्त असेल तरीही ही गोळी कमी पडू शकते. दुसरी चूक याहून वाईट, एकदा गोळी घेतली की महिनाभर कव्हर मिळालं असं समजायचं. अजिबात नाही, उलट बीज पुढे ढकललं गेलेलं असतं म्हणजे ते दोन-चार दिवसांनी सुटू शकतं आणि नेमकं तेव्हाच लोक बिनधास्त होतात. उलटी दोन-तीन तासांच्या आत झाली तर परत घ्यावी लागते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, तांबी म्हणजे कॉपर टी 5 दिवसांच्या आत बसवली तर ती इमर्जन्सी गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि पुढची काही वर्षंही निघतात.

आता रोजच्या गोळीवर येऊ. समजा मंगळवारी रात्रीची गोळी बुधवारी दुपारी पाकिटात तशीच दिसली. घाबरायचं कारण नाही, दिसली तशी लगेच घ्या, रात्रीची नेहमीच्या वेळेला घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी काही होत नाही. पण दोन किंवा जास्त सुटल्या तर वेगळा हिशोब. सगळ्यात शेवटी सुटलेली एक घ्या, आधीच्या सोडून द्या, पाकीट पुढे चालू ठेवा आणि 7 दिवस कंडोम वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर शेवटच्या बिनऔषधाच्या 7 गोळ्या घ्यायच्याच नाहीत, सरळ नवीन पाकीट. पहिल्या आठवड्यात झालं असेल आणि मधे संबंध आले असतील तर इमर्जन्सी गोळीचा विचार करा.

खरी धोक्याची जागा मात्र पाकिटाच्या मध्यात नाही, ती दोन पाकिटांच्या मधे आहे. शेवटच्या 7 गोळ्यांत औषध नसतंच, त्या विसरल्या तर विसरल्या, पण पुढचं पाकीट आणायला दोन-तीन दिवस उशीर झाला की सुट्टी 7 ची 10 दिवसांची होते आणि बीजकोष जागा होतो. म्हणून पुढचं पाकीट आधीच घरात हवं, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. (हे सगळं दोन हार्मोनच्या गोळीचं. स्तनपान करताना देतात ती एकाच हार्मोनची गोळी वेळेला जास्त कडक, तिच्या काही प्रकारांत 3 तासांचा उशीरही चालत नाही, त्यामुळे आतला कागद वाचाच.)

अँटिबायोटिकने गोळीचा असर जातो हे अर्धसत्य आहे, साध्या अँटिबायोटिकने काही होत नाही. असर कमी करतात ती औषधं म्हणजे टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि मैत्रिणीला सूट झाली म्हणून तिचीच गोळी सुरू करू नका, पस्तिशीनंतर सिगारेट चालू असेल, बीपी असेल, रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून मायग्रेन होत असेल तर दोन हार्मोनची गोळी तुमच्यासाठी नाही.

कंडोमबद्दल थोडक्यात. पैशाच्या पाकिटात, गाडीत ठेवलेला कंडोम उष्णतेने खराब होतो. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन लावलं की लॅटेक्स म्हणजे कंडोमचं रबर काही मिनिटांतच कमजोर होतं, लागलंच तर पाण्याचं नाहीतर सिलिकॉनचं ल्युब्रिकंट घ्या. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मगच उलगडा. उलटा लावला गेला तर तोच फिरवून वापरू नका, नवीन घ्या. दोन एकावर एक घालून डबल सेफ्टी मिळत नाही. आणि काम झाल्यावर लगेच, कड धरून बाहेर काढायचं, तिथेच आळस करतात आणि तो आत निसटतो.

"सेफ दिवस" आणि "बाहेर काढतो ना" या दोन भरवशांबद्दल काय बोलणार! शुक्राणू आत 5 दिवसांपर्यंत जगू शकतात आणि बीज दर महिन्याला ठरल्या तारखेलाच सुटेल असं नाही. वेळेवर बाहेर काढण्यावर विसंबलेल्या 100 जोडप्यांत वर्षाला साधारण 20 ठिकाणी दिवस जातात. स्तनपान चालू आहे म्हणून निर्धास्त असाल तर तीन अटी एकदम पाळल्या जायला हव्यात: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचंच दूध, आणि पाळी परत आलेली नाही. एक जरी तुटली तरी दुसरा उपाय बघा.

नसबंदी झालेल्या पुरुषांची घाई हाही नेहमीचा घोळ. ऑपरेशननंतर साधारण 3 महिने शुक्राणू निघतच असतात, वीर्य तपासून रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत कंडोम सोडायचा नाही.

शेवटी टेस्ट. संबंधानंतर चार दिवसांत टेस्ट केली, निगेटिव्ह आली आणि सुटलो म्हणाले, त्याला काही अर्थ नाही, इतक्या लवकर काही दिसतच नाही. पाळी एक आठवड्याहून जास्त लांबली तर, किंवा त्या संबंधानंतर 3 आठवड्यांनी करा, सकाळच्या पहिल्या लघवीवर.