अडॅप्टरची वीज वाचवताना या चुका टाळा

सॉकेटला लटकत राहिलेल्या मोबाइल चार्जरवरून घराघरांत जेवढी बोलणी होतात, तेवढी वीज तो बहुधा खातच नाही. पुढे काहीही जोडलेले नसताना ४९ वॉटपर्यंतच्या साध्या अडॅप्टरने ०.१ वॉटहून अधिक वीज घेऊ नये, असा युरोपीय संघाचा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. या मर्यादेतला चार्जर वर्षभर चालू राहिला, तरी एक युनिटही जळत नाही. खरा खर्च असतो जुन्या, हाताला जड लागणाऱ्या अडॅप्टरचा. त्यातल्या लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून उपकरण बंद असतानाही प्रवाह वाहतच राहतो आणि अवघे २ वॉट धरले, तरी वर्षाला साडेसतरा युनिटे होतात. उपकरण काढून ठेवून तासाभराने अडॅप्टरला हात लावावा. तो कोमट लागला, तर आधी त्याचेच बटण बंद करावे.

मोजमापातली चूक अधिक फसवी आहे. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमट्यासारखे लावून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) दिसणाऱ्या प्रवाहाला २३० ने गुणले, की वॉट मिळाले असे अनेक जण समजतात. मिळतात ते व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाहाचा नुसता गुणाकार, खरा वीजखर्च नव्हे. अडॅप्टरमध्ये विद्युत गोंगाट रोखण्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर तो एकटाच सुमारे ७.२ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. गुणाकार १.६६ व्होल्ट-अँपिअर येतो, पण हा प्रवाह व्होल्टेजच्या जवळजवळ ९० अंश पुढे असल्याने, म्हणजे घेतलेली वीज लगेच परत जात असल्याने, प्रत्यक्ष वॉट नगण्य असतात. मल्टिमीटर थेट घरच्या लाइनमध्ये मालिकेत जोडण्याचा धोका तर पत्करूच नये.

घरच्या मीटरचा लाल दिवा इथे उपयोगी पडतो. मीटरवर ३२०० इंपल्स (लुकलुकी) प्रति युनिट असे लिहिले असेल, तर फ्रिजसकट बाकी सर्व बंद करून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत आणि ११२५ ला त्यांनी भागावे. उत्तर वॉटमध्ये येते. मात्र एकेक अडॅप्टर असा तपासू नये, कारण ५ अँपिअर मूळ प्रवाहाच्या (ज्या प्रवाहासाठी मीटर बनवलेला असतो), अचूकतेच्या वर्ग १ मधल्या मीटरवर २० मिलिअँपिअरहून कमी प्रवाहाची नोंद होईलच असे नाही. घरातले सगळे अडॅप्टर एकदम चालू ठेवून मोजणे बरे.

जुना अडॅप्टर बदलताना केवळ व्होल्ट पाहणे पुरत नाही. काही जुने अडॅप्टर एसी देतात, काहींच्या पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. दोन्ही गोष्टी लेबलावर छापलेल्या असतात. आमच्या घरच्या रेडिओला मी हौसेने नवा, हलका अडॅप्टर लावला, तेव्हा व्होल्टेज आणि टोके जुळत असूनही मध्यम लहरींवर बातम्यांपेक्षा घरघरच जास्त ऐकू येऊ लागली. अशा वेळी जुनाच अडॅप्टर ठेवून, रेडिओ ऐकून झाल्यावर भिंतीवरचे बटण बंद करणे सोयीचे पडते.